खुन्याच्या बाजूने

रहस्यकादंबरीवर चित्रपट निघणार अशी बातमी आली की निर्मात्यापासून वाचकापर्यंत सगळ्यांना एकच धास्ती असते: शेवट आधीच फुटला तर? या धास्तीत एक गंमत आहे. कादंबरी लाखांनी खपली म्हणूनच तर निर्मात्याने तिचे हक्क विकत घेतले. म्हणजे तिचा शेवट तेवढ्या लोकांना ठाऊक आहे हे धरूनच हा व्यवहार झालेला असतो. पहिल्या आठवड्यात तिकीट काढून येणाऱ्यांतही त्यांचाच भरणा मोठा असतो. खून कोणी केला, कसा केला, मृतदेह कुठे दडवला हे सगळे पाठ असलेली माणसे अंधारात दोन तास श्वास रोखून बसतात. रहस्य हेच या प्रकाराचे सारे भांडवल असते तर असे घडले नसते. एकदा सुटलेले कोडे कोणी पुन्हा सोडवत बसत नाही. त्याअर्थी चांगली रहस्यकादंबरी वाचकाला कोड्याखेरीज आणखी कशात तरी गुंतवत असते. माध्यमांतर करणाऱ्याला ते ओळखता आले नाही, तर कथानकातली प्रत्येक घटना जशीच्या तशी पडद्यावर आणूनही हाती टरफलच राहते.

माझ्या मते ती गोष्ट म्हणजे वाचकाने घेतलेली बाजू. अशी कादंबरी आपल्याला एका माणसाच्या शेजारी नेऊन बसवते. त्याच्या डोळ्यांनी बघायला आणि त्याच्या भीतीने दचकायला लावते. आणि आपण पुरते गुंतलो की त्या माणसाबद्दल असे काही सांगते, की सज्जनाने तिथून उठून जायला हवे. आपण उठत नाही. उलट तो सुटावा म्हणून जीव टांगणीला लावून पाने उलटत राहतो. या न उठण्याची काहीएक नैतिक किंमत असते आणि ती वाचकाच्या पदरची असते. डिटेक्टिव्ह कथेत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथे गुप्तहेराने आपल्या वतीने न्यायाची बाजू आधीच घेतलेली असते; होम्स किंवा प्वारो सोबत असला की वाचकाचे हात स्वच्छ राहतात. उत्कंठेवर उभ्या असलेल्या कादंबरीत ते तसे राहत नाहीत. म्हणून माध्यमांतर मूळ कादंबरीशी इमानी आहे की नाही हे ठरवताना घटनांची यादी जुळवत बसू नये, प्रेक्षकालाही तीच किंमत मोजावी लागते का ते पाहावे, असे मला म्हणायचे आहे. या संग्रहातले लेख निरनिराळ्या चित्रपटांबद्दल आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पटतेच असे नाही, पण ते सगळे या ना त्या वाटेने याच प्रश्नापाशी येतात.

दहा चित्रपटांवरून घाईने नजर फिरवण्यापेक्षा एकाच उदाहरणात खोल उतरणे बरे. डॅफ्ने द्यु मॉरिए हिची 'रेबेका' १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि लगोलग तडाखेबंद खपू लागली. 'गॉन विथ द विंड'च्या निर्मितीत बुडालेला हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने तिचे हक्क घेतले आणि इंग्लंडहून नुकत्याच येऊ घातलेल्या आल्फ्रेड हिचकॉकच्या हाती ती सोपवली. कादंबरीची निवेदिका ही एक बुजरी, पोरकी, नाव नसलेली तरुणी आहे. माँटे कार्लोत एका श्रीमंत बाईची सोबतीण म्हणून राबत असताना तिची मॅक्झिम द विंटर या विधुराशी गाठ पडते, झटपट लग्न होते आणि ती कॉर्नवॉलमधल्या मँडर्ली या त्याच्या वाड्यात येते. तिथल्या प्रत्येक वस्तूवर पहिल्या बायकोची, रेबेकाची, आद्याक्षरे आहेत. घरची कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स या नव्या मालकिणीला पदोपदी रेबेकाच्या तुलनेत खुजी ठरवते. नवऱ्याचे अजून तिच्यावरच प्रेम आहे या खात्रीने ही मुलगी आतल्या आत झुरत राहते. सत्तावीस प्रकरणांची ही कादंबरी आहे. तीत विसाव्या प्रकरणाच्या आसपास समुद्रातून रेबेकाची बुडालेली बोट वर येते आणि मॅक्झिम बायकोला सांगून टाकतो की त्याने रेबेकाला गोळी घालून मारले, प्रेत बोटीत घालून बोट बुडवली, आणि तिच्यावर त्याने कधीच प्रेम केले नव्हते.

द्यु मॉरिएचे खरे कसब यापुढे आहे. नवऱ्याने खून केल्याचे ऐकून या मुलीला धक्का बसतो तो फार थोडा. तिच्या मनात भरून येते ती सुटका: त्याचे रेबेकावर प्रेम नव्हते! महिनोन् महिने छातीवर बसलेले ओझे एका वाक्यात उतरते आणि त्या आनंदात एका बाईचा जीव गेला आहे ही गोष्ट बाजूला पडते. वाचकाचेही नेमके तेच होते. वीस प्रकरणे आपण या मुलीच्या अपमानांत तिच्याबरोबर राहिलेलो असतो, तेव्हा तिच्या सुटकेचा श्वास आपणही सोडतो. त्या क्षणापासून कादंबरीची जात बदलते. आता प्रश्न एवढाच, की मॅक्झिम पकडला जाईल का. पंचांची चौकशी, बोटबांधणी करणाऱ्याची साक्ष, बोटीला आतून पाडलेली भोके, लंडनमधला डॉक्टर, असा एकेक टप्पा येतो आणि प्रत्येक टप्प्यावर आपली इच्छा असते की सत्य बाहेर येऊ नये. यातली सगळ्यात अवघड जागा आहे जॅक फॅव्हेल. हा रेबेकाचा चुलतभाऊ आणि प्रियकर. दारुडा, लोचट, पैसे उकळायला आलेला. वाचकाला तो असह्य होतो. पण त्या दिवाणखान्यात उघडपणे खरे बोलणारा तोच एकटा असतो. रेबेकाचा खून झाला आणि तो मॅक्झिमने केला हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे, आणि आपण मनोमन त्याचे तोंड बंद व्हावे म्हणून धडपडत असतो. न्यायदंडाधिकारी कर्नल जुलियन याला सत्याचा वास लागला असावा आणि तरी तो गप्प बसला असावा, असेही कादंबरी सुचवून जाते. म्हणजे गप्प बसणाऱ्यांच्या रांगेत मॅक्झिम, त्याची बायको, त्याचा दिवाणजी, गावातला प्रतिष्ठित अधिकारी आणि शेवटी वाचक, असे सगळे उभे राहतात.

आता चित्रपट. सेल्झनिक हा निष्ठेचा कट्टर पुरस्कर्ता होता. हिचकॉकने आधी जो पटकथेचा कच्चा आराखडा दिला त्यात बोटीवरच्या उलट्यांसारखे विनोदी प्रसंग त्याच्या पदरचे घातलेले होते. सेल्झनिकने १९३९ च्या जूनमध्ये लांबलचक पत्र लिहून तो आराखडा फेटाळला. आपण 'रेबेका' विकत घेतली आहे आणि 'रेबेका'च काढणार आहोत, हा त्या पत्राचा सूर. लोकप्रिय पुस्तकातले काही गाळले तर वाचक क्षमा करतो, पण बदलले तर करत नाही, असे त्याचे मत होते आणि 'गॉन विथ द विंड'ने ते पक्के केले होते. गंमत अशी की या निष्ठावंताच्याच चित्रपटात कथेचा कणा बदलावा लागला. त्या काळी हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड नावाची, चित्रपटउद्योगाने स्वतःच स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता जारी होती आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीनचे कार्यालय ती काटेकोरपणे राबवत असे. बायकोचा खून करून नवरा सुखरूप सुटतो हे त्या संहितेत बसणे शक्य नव्हते. तेव्हा १९४० च्या चित्रपटात मॅक्झिम रेबेकाला मारत नाही. ती त्याला डिवचते, तो भान हरपून तिच्या अंगावर जातो, ती अडखळून पडते आणि बोटीच्या जड सामानावर डोके आपटून मरते. त्याचा गुन्हा उरतो तो प्रेत दडवण्याचा. खुद्द सेल्झनिकने यावर खाजगीत आदळआपट केली होती. बायकोचा खून करणाऱ्या माणसाची ही कथा आता अपघातात गेलेल्या बायकोला पुरणाऱ्या माणसाची झाली, असे त्याचे गाऱ्हाणे होते, आणि ते अगदी अचूक होते.

कोडच्या लेखकांना आपण सहसा संकुचित सोवळ्यांत जमा करतो. पण त्या संहितेचे मूळ तत्त्व असे होते, की प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाता कामा नये. म्हणजे या कथांमधला खरा दारूगोळा कुठे भरलेला आहे हे त्यांना पक्के कळले होते. निर्माते शेवट कसा राखायचा याची चिंता करत होते, तेव्हा कोडवाले 'बाजू' कशी राखायची याची चिंता करत होते. रोग त्यांनी बरोबर ओळखला. तो रोग आहे असे मानणे, हीच त्यांची चूक.

चित्रपटाचा पूर्वार्ध मात्र अप्रतिम आहे. तो तसा का आहे, याचे उत्तर घटनांच्या निष्ठेत सापडत नाही. कादंबरीत बुजरेपणा हा वाक्यांत असतो: ही मुलगी मनातल्या मनात संवाद रचते, लोक पाठीमागे काय बोलत असतील ते कल्पते, घडलेल्यापेक्षा न घडलेले जास्त सांगते. कॅमेऱ्याला हे जमत नाही. चित्रपटात सुरुवातीला तिचा निवेदनाचा आवाज येतो आणि लवकरच विरतो. त्याऐवजी हिचकॉकने जागेचा वापर केला. दारांच्या मुठी फार उंचावर आहेत, दालने प्रमाणाबाहेर मोठी आहेत, आणि त्यांत जोन फॉन्टेन खांदे आक्रसून उभी आहे. ज्युडिथ अँडरसनची मिसेस डॅन्व्हर्स जवळजवळ कधीच चालत येताना दिसत नाही; मान वळवावी तर ती शेजारी उभीच असते. ती भीती त्या मुलीची आहे, पण आपण ती तिच्याकडून ऐकत नाही, थेट घेतो. कबुलीच्या प्रसंगात तर याहून धाडसी युक्ती आहे. भूतकाळातले दृश्य दाखवण्याची सोय असताना ते दाखवलेले नाही. लॉरेन्स ऑलिव्हिए बोलत राहतो आणि कॅमेरा त्या समुद्रकाठच्या झोपडीत रिकाम्या जागेवरून सरकत जातो. रेबेका जिथे बसली होती, उठली, चालत आली, तिथून तिथून, जणू ती आत्ताही तिथेच आहे. संपूर्ण चित्रपटात तिचा एक फोटोसुद्धा दिसत नाही. कादंबरीत ज्या बाईला फक्त शब्दांनी उभे केले, तिला इथे मोकळ्या चौकटीने उभे केले आहे. कॅमेऱ्याचे हे सरकणे पुस्तकात कुठेच नाही, आणि तरी पुस्तक जेवढे गुंतवते तेवढेच हे दृश्य गुंतवते.

आणि नेमके त्याच दृश्यात सगळे निसटूनही जाते. इतक्या ताकदीने आपल्याला या दोघांच्या जवळ आणून बसवले आणि मग हाती काय दिले, तर अपघात. आपण मॅक्झिमच्या बाजूने आहोत, पण त्यात काहीच मोजावे लागत नाही, कारण तो निर्दोष आहे. यापुढे चौकशी होते, बोटवाला साक्ष देतो, डॉक्टरकडे जाणे होते, सगळा क्रम पुस्तकातलाच. पण जॉर्ज सँडर्सचा फॅव्हेल आता निव्वळ खोटारडा ठरला आहे. त्याचे तोंड बंद व्हावे असे वाटणे हे न्यायाचेच वाटणे झाले. नायिकेच्या चेहऱ्यावरचा तो कोवळा, हरवलेला भाव एका दिवसात गेला, अशी हळहळ मॅक्झिम कादंबरीत व्यक्त करतो. चित्रपटाने ती हळहळही राखली आहे. पण पुस्तकात तो भाव जातो कारण तिने एका खुनाची गुप्तता जन्मभरासाठी पत्करली. पडद्यावर तो का जावा? एका दुर्दैवी माणसाची साथ दिल्याने माणूस थोराड होत नाही. संवाद तोच आहे, पण त्याच्या पाठचे वजन काढून घेतले आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. 'रेबेका'ला १९४० सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, प्रेक्षकांनी तो उचलून धरला, आजही तो पाहिला जातो; मग ही किंमत-बिंमत फक्त समीक्षकालाच दिसते काय? यश नाकारण्याचे कारण नाही. पण यश कशाचे होते ते पाहायला हवे. हा चित्रपट आठवणाऱ्या माणसाला विचारा; त्याला मिसेस डॅन्व्हर्स आठवते, ती खिडकीपाशी नायिकेच्या कानात कुजबुजते तो प्रसंग आठवतो, शेवटची आग आठवते. चौकशीचा तो लांबलचक उत्तरार्ध फारसा कोणाला आठवत नाही. कादंबरीत मात्र तोच भाग सर्वांत वेगाने वाचला जातो. घटना त्याच असताना असे का व्हावे? मला तरी याचे दुसरे स्पष्टीकरण दिसत नाही. हिचकॉकने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हा आपला चित्रपटच नव्हे असे सांगितले. त्याचा रोख सेल्झनिकच्या हुकमतीवर होता, पण ते विधान उत्तरार्धाला अधिक लागू पडते.

दुसरा आक्षेप असा, की दोष सेन्सॉरचा, तो माध्यमांतराच्या माथी का मारता? कोड नसता तर सगळे ठीक झाले असते. याला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे कोडखेरीजही बाजू बोथट करणाऱ्या शक्ती असतात आणि त्यांतली सगळ्यात जबर शक्ती ताऱ्याची प्रतिमा ही आहे. फ्रान्सिस आइल्सच्या 'बिफोर द फॅक्ट' (१९३२) या कादंबरीत पहिल्याच पानावर कळते की नायिकेने एका खुन्याशी लग्न केले आहे. ते तिलाही हळूहळू कळते, आणि तरी ती त्याच्यावरच्या प्रेमापायी त्याने दिलेला विषाचा पेला पिते. १९४१ मध्ये हिचकॉकने तिच्यावर 'सस्पिशन' काढला, नायिका पुन्हा जोन फॉन्टेन आणि नवरा कॅरी ग्रँट. ग्रँट खुनी निघणे म्हणजे धंद्याला पाणी सोडणे. तेव्हा शेवटी तो निरपराध ठरतो आणि आपण ज्या दुधाच्या पेल्याला भ्यायलो तो पेला साधा दुधाचाच असतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नायकाच्या हातून खून झाला असेल तर तो शेवटी दुसऱ्या कोणाच्या तरी हातून झाल्याचे निघते, हा हिंदी पडद्याचा अलिखित नियमच होता.

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. २०२० मध्ये बेन व्हीटलीने नेटफ्लिक्ससाठी 'रेबेका' पुन्हा केला. आता कोणतीही आचारसंहिता आड नव्हती, आणि या चित्रपटात मॅक्झिम खरोखरच गोळी झाडतो. म्हणजे घटनेपुरती निष्ठा परत आली. पण किंमत परत आली का? आली नाही. इथली नायिका नवऱ्याला वाचवायला स्वतः लंडनला धावते, डॉक्टरच्या दवाखान्यात चोरून शिरून कागद धुंडाळते. आजच्या काळाला बुजरी, निष्क्रिय नायिका चालणार नाही हा हिशेब समजण्याजोगा आहे. परिणाम असा होतो, की सहभागी होण्याचा तो कोंदट, निःशब्द अपराध जाऊन तिथे धाडस येते. धाडस करणाऱ्या नायिकेच्या बाजूने असायला प्रेक्षकाला काय अवघड? कादंबरीतली मुलगी काहीच करत नाही. ती फक्त गप्प बसते, आणि तिच्याबरोबर आपण. त्या गप्प बसण्यातच सगळे होते. खून परत आणला पण मौन घालवले, तेव्हा हिशेब पुन्हा शून्यावर.

इथे कोणी म्हणेल, की मग तुमची अट एवढीच दिसते की काही बदलूच नका. तसे नाही, खरे तर बदलून किंमत राखणारे चित्रपटच मला अधिक पटतात. पॅट्रिशिया हायस्मिथची पहिली कादंबरी 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' १९५० ची. आगगाडीत भेटलेले दोघे अनोळखी. ब्रूनो गायला सुचवतो की तू माझ्या बापाला मार, मी तुझ्या बायकोला मारतो, कोणाचा कोणाशी संबंध नाही तेव्हा संशय येणार नाही. कादंबरीत गाय शेवटी खरोखरच तो खून करतो. १९५१ च्या चित्रपटात तो करत नाही. वरवर पाहता ही 'रेबेका'चीच गत आहे: नायक निर्दोष, कोड खूश. पण इथे हिचकॉकने हिशेब दुसऱ्या खात्यातून भरून काढला. गायवर आळ आणणारा लायटर ब्रूनोच्या हातातून रस्त्याच्या गटारात पडतो. तो जाळीतून हात घालतो, बोटे ताणतो, पुरत नाही, पुन्हा ताणतो. पलीकडे गाय टेनिसचा सामना लवकर संपवण्यासाठी धडपडतो आहे. आपण गायच्या बाजूने असायला हवे, पण ती बोटे लायटरच्या जवळ जाऊ लागली की आपलेही दंड आखडतात आणि मनात येते, जरा आणखी, पोचेल! खुन्याला पुरावा परत मिळावा म्हणून आपण झटतो आहोत हे कळेपर्यंत लायटर वर आलेला असतो. हायस्मिथच्या पुस्तकात अपराध गायच्या अंगाला चिकटतो. चित्रपटाने तो पडद्यावरच्या पात्राला सोडून समोर बसलेल्याला चिकटवला.

'सायको'मध्ये हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडते. रॉबर्ट ब्लॉकची १९५९ ची कादंबरी नॉर्मन बेट्सपासूनच सुरू होते. हा नॉर्मन चाळिशीचा, जाडा, चष्मा लावणारा, दारूत बुडणारा आहे, आणि त्याच्याविषयी वाचकाला कुतूहल वाटले तरी ओढ वाटत नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या चित्रपटासाठी जोसेफ स्टेफानोने पटकथा लिहिताना सुरुवात मॅरियनकडे दिली, आणि नॉर्मनच्या जागी अँथनी पर्किन्ससारखा सडपातळ, लाजरा तरुण आला. चाळीस हजार डॉलर चोरून पळालेल्या मॅरियनच्या आपण आधी बाजूने होतो, म्हणजे चोरीच्या बाजूने. ती अचानक मारली गेल्यावर आपण बेवारशी होतो आणि समोर जो दिसतो त्याला धरतो. तो बिचारा आईने केलेली घाण पुसतो आहे, असे आपल्याला वाटत असते. प्रेत आणि पैसे असलेली गाडी तो दलदलीत ढकलतो, गाडी अर्धी बुडून थांबते, आणि आपला श्वासही थांबतो: बुडेना काय! ती पुन्हा खाली जाऊ लागते तेव्हा हायसे वाटते. पुस्तकापासून एवढी फारकत घेतलेला आणि पुस्तकाच्या हेतूला एवढा जागलेला दुसरा चित्रपट सांगणे कठीण. शेवट माहीत असलेला माणूसही या गाडीपाशी अडखळतो, हे सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. फ्रेडरिक फोर्साइथच्या 'द डे ऑफ द जॅकल'मध्ये (कादंबरी १९७१, फ्रेड झिनमनचा चित्रपट १९७३) तर शेवट इतिहासानेच फोडून ठेवला आहे. फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल मारेकऱ्याच्या गोळीने मेला नाही हे सर्वांना माहीत. तरी त्या मारेकऱ्याच्या कसबाला दाद देताना आपण कधी त्याच्या बाजूला सरकलो ते कळत नाही.

अलीकडच्या बेस्टसेलरांपैकी गिलियन फ्लिनची 'गॉन गर्ल' (२०१२) या दृष्टीने सर्वांत चतुर आहे, कारण तीत बाजू दोनदा बदलते. बेपत्ता बायकोची डायरी वाचून आपण तिचे होतो, नवऱ्याचा तिरस्कार करू लागतो. आणि अर्ध्यावर कळते की डायरी रचलेली होती. २०१४ च्या चित्रपटाची पटकथा खुद्द फ्लिनने लिहिली आणि डेव्हिड फिंचरने डायरीतले प्रसंग इतर प्रसंगांइतकेच खरे वाटतील असे चित्रित केले. कागदावरची थाप पचते, डोळ्यांनी पाहिलेली थाप जास्त लागते. लेखिकेनेच माध्यमांतर केले की ते घसरते, असा एक समज आहे. इथे तो टिकत नाही.

आपल्याकडे 'रेबेका' १९६४ मध्ये 'कोहरा' होऊन आली. दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माता आणि संगीतकार हेमंत कुमार, नायिका वहिदा रहमान, आणि मिसेस डॅन्व्हर्सच्या जागी ललिता पवार. या मराठी अभिनेत्रीला आपण खाष्ट सासूच्या साच्यात इतके बसवून टाकले आहे, की 'कोहरा'तले तिचे थंड, जपून राखलेले काम चर्चेतून गळते. मात्र मेलेल्या बायकोच्या सावटाला इथे भुताटकीचा रंग आहे, आणि भूत आले की प्रेक्षक घाबरतो. बाजू घेण्याचा प्रश्न मागे पडतो. उलट मराठीतले उदाहरण अधिक भरीव आहे. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर राजा परांजपे यांनी १९६४ मध्येच 'पाठलाग' काढला, आणि त्यावरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये 'मेरा साया'. पत्नी आपल्या मांडीवर गेली हे पाहिलेला वकील, आणि दरोडेखोरांसोबत पकडलेली, मी तुमचीच बायको म्हणून टाहो फोडणारी बाई. 'मेरा साया'त सुनील दत्तचा वकील भर कोर्टात तिची उलटतपासणी घेतो आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने तिला भामटी ठरवतो. तिचा प्रत्येक पुरावा हा तिच्या कपटाचा पुरावा वाटतो. शेवटी कळते की मेली ती जुळी बहीण, आणि ही खरीच. जुळ्या बहिणीची युक्ती जुनी आणि भोळसट आहे, हे कबूल. पण खऱ्या बायकोला खोटी ठरवण्यात आपण दोन तास नवऱ्याला साथ दिली, ही बोच त्या युक्तीच्या भोळेपणावर मात करते. शिक्षित, सभ्य, प्रतिष्ठित पुरुषाचा शब्द आणि बदनाम बाईचा शब्द यांत आपण कोणता उचलला, हे तो चित्रपट न बोलता दाखवून देतो.

राहिला नैतिक आक्षेप, आणि तो कोडबरोबर संपलेला नाही. प्रेक्षकाला खुन्याच्या बाजूने बसवणे चांगले का? 'रेबेका'च्या बाबतीत हा प्रश्न आज आणखी टोकदार झाला आहे, कारण तिथे मेलेली ही बाई आहे, मारणारा नवरा आहे, आणि ती वाईट चालीची होती हे सगळे तोच सांगतो. वाचकाने त्याच्यावर विश्वास ठेवायचा, तोही त्याच्यावर भाळलेल्या मुलीच्या सांगण्यावरून. आक्षेप रास्त आहे, पण तो कादंबरीवर उलटत नाही. तो कादंबरीनेच पेरलेला आहे. खुनाच्या वाक्याला आपण सुस्कारा सोडला हे पुस्तक मिटल्यावर ज्याला आठवेल, त्याला हा प्रश्न आपोआप पडेल. ज्या चित्रपटाने मॅक्झिमला निर्दोष केले, त्याने मात्र रेबेकाचा मृत्यू हा प्रश्नच पुसून टाकला. तिला कोणी मारलेच नाही, तर न्याय कोणासाठी मागायचा? १९४० च्या सोवळेपणाचा हा सगळ्यात क्रूर परिणाम म्हणायचा, आणि तो कोडच्या पुरस्कर्त्यांच्या लक्षातही आला नसावा.

या संग्रहातल्या लेखांत कोणताही शेवट राखून ठेवलेला नाही, आणि या प्रस्तावनेने त्यांतले बरेच आधीच फोडले आहेत. तरी वाचकांना एक विनंती आहे. निदान एका कादंबरीच्या बाबतीत क्रम पाळावा: आधी पुस्तक वाचावे, मग चित्रपट पाहावा, आणि लेख सगळ्यात शेवटी. पुस्तक वाचताना आपण कोणत्या पानावर कोणाच्या बाजूला गेलो, एवढे समासात पेन्सिलीने टिपून ठेवावे. चित्रपट पाहताना ती खूण जिथे हलेल, तिथून लेखकाशी भांडायला सुरुवात करावी. हायस्मिथपासून सुरुवात केली तर उत्तम. ती कादंबरी लहान आहे आणि चित्रपट सहज मिळतो.